भोक कुणी बुजवलं?

१

नेत्रपेढीच्या प्रतीक्षायादीतून दुसऱ्या क्रमांकाचा माणूस नाहीसा झालाय, हे नोंदणीबाईंच्या लक्षात आलं ते गुरुवारी सकाळी सव्वानऊला.

आदल्या दिवशी एका कुटुंबानं आपल्या माणसाचे डोळे दान केले होते. दोन डोळे, म्हणजे दोन माणसांना पुन्हा दिसणार. शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी ठरल्या होत्या. ज्यांची पाळी आली त्या दोघांना दुपारी चारच्या आत फोन करायचा, आणि हा फोन करणं हे नोंदणीबाईंचं नोकरीतलं सगळ्यात लाडकं काम. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, यादी उघडली, पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या जागी एक बाई होत्या. सोमवारी त्या तिसऱ्या होत्या.

नोंदणीबाईंचा संगणकावर काडीचा भरवसा नव्हता. दर सोमवारी त्या यादी छापून फायलीला लावायच्या आणि ऑफिसातले सगळे त्यांना हसायचे. आज त्यांनी ती फाईल काढली. कागदावर दुसऱ्या क्रमांकाला एक निवृत्त गृहस्थ होते. एकोणीस महिने थांबलेले, उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा त्याच वाटेवर. संगणकावर ते कुठेच नव्हते. वर नाही, खाली नाही, 'शस्त्रक्रिया झाली' या पानावर नाही, 'मृत' या पानावरसुद्धा नाही. गृहस्थ या दारात कधी आलेच नव्हते, असं संगणकाचं म्हणणं.

त्या कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, पडदा पाहिला.

"कागदाप्रमाणे फोन करू का, सर?"

"थांबा, बाई. एक नाव गेलं ते आपल्याला दिसलं. न दिसलेलं काय काय बदललं असेल? तुमचा कागद खरा की ती यादी खरी, हे कळल्याशिवाय मी कुणाच्या डोळ्याला हात लावणार नाही."

"पण चार वाजेपर्यंतच वेळ आहे."

"म्हणून तर म्हणतो, शोधून काढा."

२

योगायोग असा, की त्याच दिवशी एक बाई सर्व्हर दुरुस्त करायला यायच्या होत्या.

या बाईंना त्यांच्या धंद्यात सगळे 'रफूवाली' म्हणत. वेबसाइटी ज्या स्क्रिप्टच्या भाषेवर चालतात, तिच्यात अधूनमधून भोकं सापडतात. भाषा बनवणारे लोक मग त्यावर ठिगळ काढतात, त्याला पॅच म्हणायचं. ते गावभर फिरून लहानसहान संस्थांच्या सर्व्हरना लावत बसायचं, हे रफूवालीचं काम. पंचेचाळिशीची, खांद्याला जड पिशवी, आणि प्रश्न विचारायची खोड अशी की घरी नवरासुद्धा वैतागायचा.

तिनं नोंदणीबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून आपला लॅपटॉप काढला.

"हे भोक दोन महिन्यांपूर्वी जाहीर झालंय. तुमच्या साइटवर रुग्ण आपला नोंदणी क्रमांक टाकतो आणि आपला नंबर कितवा ते बघतो, बरोबर? त्या क्रमांकाच्या जागी कुणी जाणत्यानं एखादी आज्ञा लिहिली, तर तुमचा सर्व्हर ती निमूटपणे पाळतो. 'यादी दाखव' म्हटलं की दाखवतो. 'नाव खोड' म्हटलं की खोडतो."

"म्हणजे बाहेरून कुणीही?"

"कुणीही नाही. पण येणाऱ्याला दार उघडं. बघा, दाखवते."

तिनं क्रमांकाच्या जागी एक निरुपद्रवी आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर तीन शब्द आले: 'क्रमांक बरोबर नाही.'

रफूवालीनं पुन्हा दाबलं. तेच. मग ती पाच मिनिटं सर्व्हरच्या आत काहीतरी चाळत राहिली, आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"काय झालं?" नोंदणीबाई म्हणाल्या.

"भोक बुजलेलं आहे."

"मग बरंच झालं की!"

"कसलं बरं? पॅच लावलेलाच नाहीये. भाषेची आवृत्ती तीच, जुनी. पण तुमच्या एका स्क्रिप्टमध्ये कुणीतरी हातानं ओळी घालून नेमकं हेच भोक बंद केलंय. मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला." ती खुर्चीत मागे टेकली. "नाव गेलं तेही सोमवार ते गुरुवारच्या मधेच. बाई, मी वीस वर्षं हे काम करतेय. चोर आत शिरतो हे पाहिलंय. पण जाताना मोडकं दार दुरुस्त करून गेलेला चोर पहिल्यांदाच बघतेय."

३

संस्थेचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत बसायचे. तीन पंखे, तीनही बंद. सर्व्हरवाल्यांनी रफूवालीला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःहून बोलायला लागले.

"भोक बुजलेलं दिसलं ना? मीच बुजवलं. सहा आठवड्यांपूर्वी."

"वा! कसं बुजवलंत?"

"कसं म्हणजे? अपडेट मारलं. एक कमांड."

"मग आवृत्ती जुनी कशी?"

सर्व्हरवाल्यांनी एका पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता, त्यामुळे त्याच्याकडे फार वेळ पाहता आलं नाही.

"राहून गेलं हो," ते शेवटी म्हणाले. "अपडेट मारलं की जुनी पानं मोडतात, मग सगळे माझ्या नावानं ओरडतात. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. असे सहा आठवडे गेले."

"लॉग दाखवा. कोण कुठून आलं ते दिसेल."

"डिस्क भरते म्हणून लॉग बंद ठेवलाय."

"यादीची जुनी प्रत?"

"रोज रात्री निघते. पण आदल्या दिवशीच्या प्रतीवरच लिहिली जाते."

म्हणजे बुधवारपर्यंत ती प्रतही नासली होती. रफूवालीला खरं तर चिडायला हवं होतं, पण तिला दुसरंच काही टोचत होतं. "मंगळवारी अकरा चाळीसला तुम्ही कुठे होतात?"

"दाताच्या डॉक्टरकडे. तोंड उघडून." त्यांनी गाल ओढून नवीन चांदीही दाखवली.

तिनं त्यांना त्यांचाच एक जुना प्रोग्राम उघडायला सांगितलं. त्यांच्या ओळी लांबच लांब, पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर पडणाऱ्या. हात आवरतच नसलेल्या माणसाच्या. तिनं शेजारी त्या अनोळखी माणसाच्या ओळी लावल्या. बारा ओळी होत्या. नीटनेटक्या, जुन्या वळणाच्या, एकही शब्द वाया नाही. वर साध्या मराठीत टीप: 'कृपया हे काढू नये.'

पण सगळ्यात चमत्कारिक गोष्ट वेगळीच होती. त्या बारापैकी एकही ओळ अठरा अक्षरांच्या पुढे गेलेली नव्हती. जे एका ओळीत सहज मावलं असतं, ते मुद्दाम तोडून तीन ओळींत लिहिलं होतं.

"असं कोण लिहितं?" तिनं विचारलं.

सर्व्हरवाल्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "कविता दिसतेय," ते म्हणाले.

४

रफूवाली वर आली तर जिन्यातच समुपदेशक ताई उभ्या होत्या. दान करणाऱ्या कुटुंबांशी बोलायचं, वाट बघणाऱ्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. आज त्यांनाच कुणी धीर द्यावा असा चेहरा होता.

"तुम्हाला कुणीतरी सांगणारच, त्यापेक्षा मीच सांगते," त्या म्हणाल्या. "यादीत आता ज्या दुसऱ्या आहेत ना, त्या माझ्या नणंदबाई."

रफूवालीनं पिशवी पायरीवर ठेवली.

"आणि सकाळी साडेनऊला मी त्यांना फोन केला. नियम मोडून. यादी उघडली, त्यांचं नाव दुसरं दिसलं, आणि राहवलंच नाही. नाव वर कसं आलं, हे विचारायचंही सुचलं नाही. त्या तिकडे रडल्या, मी इकडे रडले. नंतर नोंदणीबाई कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्याचं कळलं."

"तुम्हाला यादी बदलता येते?"

"बघता येते फक्त. बदलता येते एकट्या नोंदणीबाईंना." आणि लगेच घाबरून, "मी त्यांच्यावर संशय घेत नाहीये हं."

"मंगळवारी सकाळी कुठे होतात?"

"वॉर्डात. एका आजोबांचा हात धरून बसले होते दोन तास. त्यांची मुलगी होती, परिचारिका होती."

कुणी घेत नव्हतं तरी बोट नोंदणीबाईंकडेच वळत होतं. दीड वाजता डॉक्टरांनी रफूवालीला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बदलायची परवानगी एकट्या बाईंना. छापलेला कागद बाईंचा. गडबड पहिल्यांदा दिसली तीही बाईंनाच. मला बोलवत नाही, पण कागद आजच छापला नसेल कशावरून?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर नोंदणीबाई हातात दोनशे बारा नावांची यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सकाळपासून एकेक नाव कागदाशी ताडून पाहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाकी सगळी नावं जुळतात, सर," एवढंच म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या वळून गेल्या.

५

रफूवाली प्रतीक्षाकक्षात जाऊन बसली. तिला विचार करायचा असला की ती माणसांत बसायची.

नोंदणीबाईंना नाव खोडायचं असतं तर त्यांनी सरळ आपल्या संगणकावरून खोडलं असतं. त्यांना भोकातून शिरायची गरज काय? आणि मग ते बुजवायची, 'कृपया' लिहायची? ताईंचंही तसंच. नणंदेसाठी कुणाला यादीबाहेर काढणारी बाई वरून दार कशाला दुरुस्त करून देईल? ज्यानं हे केलं त्याला यादीची काळजी होती. आणि त्याच हातानं यादीतला एक माणूस गेला होता. या दोन गोष्टी एका माणसात बसवायच्या कशा?

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ फोन नाकाला लावून काहीतरी वाचत होते. अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर एकावेळी दोनच शब्द. ते अंगठ्यानं ओळ सरकवत, दोन शब्द वाचत, पुन्हा सरकवत. शेवटी कंटाळून त्यांनी शेजारच्या मुलीला म्हटलं, "त्याला सांग, छोट्या छोट्या ओळीत लिहीत जा. मला लांब ओळ दिसत नाही."

रफूवाली उठली ती जवळजवळ धावतच नोंदणीबाईंच्या टेबलापाशी गेली. बाई डोळे कोरडे करून कामाला लागल्या होत्या.

"बाई, अठरा अक्षरं! तो कवी नाही, त्याला दिसत नाही! अक्षरं खूप मोठी केली की ओळीत तेवढीच मावतात. आपलं आपल्याला वाचता यावं म्हणून तोडून लिहिलंय त्यानं. हे काम या इमारतीतल्या कुणाचंच नाही, ते यादीतल्या माणसाचं आहे. तुमच्या अर्जात रुग्णाचा व्यवसाय असतो?"

"असतो ना. कागदी अर्ज आहेत, कपाटात." नोंदणीबाईंच्या आवाजात थोडासा विजय होता.

दोघींनी मिळून अर्ज काढले. शिंपी, बसचालक, शिक्षिका, शेती, घरकाम, पुन्हा शिक्षिका. पन्नास अर्ज झाले, शंभर झाले. प्रोग्राम लिहिणारा कुणीच नाही. दोनशे बारा संपले.

"नाहीच," नोंदणीबाई म्हणाल्या.

"नाही कसं? कागदावर तर दोनशे तेरा नावं आहेत."

मग नोंदणीबाईंनी ड्रॉवरमधून तो एकच वेगळा काढून ठेवलेला अर्ज काढला. नाहीशा झालेल्या माणसाचा. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: निवृत्त. हवामान खात्यात संगणकाचे प्रोग्राम लिहीत असे.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

त्या गृहस्थांच्या घराचं दार सुनेनं उघडलं. नेत्रपेढीचं नाव ऐकताच तिचा चेहरा उजळला. "बाबांचा नंबर लागला? तीन दिवस झाले, धड जेवले नाहीत हो. विचारलं तर सांगत नाहीत."

हवामानवाले काका आतल्या खोलीत बसले होते. टेबलावर मोठा पडदा, त्यावर अंगठ्याएवढी अक्षरं. दोघींच्या पावलांचा आवाज ऐकून ते उभे राहिले.

"काका, मी सर्व्हर दुरुस्त करायला आलेय," रफूवाली म्हणाली. "पण माझं काम तुम्ही आधीच केलंत."

ते खाली बसले.

"नीट बसलंय ना?" त्यांनी विचारलं. "फक्त आकडेच आत जातील असं केलंय. घाईत एखादी फट राहिली असेल म्हणून झोप लागत नाही."

"चोख बसलंय. सुरुवातीपासून सांगाल का?"

"माझा नंबर बघत होतो, दोन महिन्यांपूर्वी. दिसत नाही म्हणून बोट चुकलं, क्रमांकापुढे भलतंच चिन्ह पडलं. आणि तुमच्या साइटनं मला तिच्या पोटातल्या फायलींची नावं दाखवली. चाळीस वर्षं हेच केलंय, तेव्हा समजलं काय ते. यादीतलं कुणाचंही नाव कुणीही वरखाली करू शकतं! तीन पत्रं पाठवली तक्रारीच्या पत्त्यावर. एकाचंही उत्तर नाही."

"तो पत्ता आमच्या सर्व्हरवाल्यांचा," नोंदणीबाई पुटपुटल्या.

"मंगळवारी ठरवलं, आपणच बुजवायचं. पण भोक किती खोल आहे ते आधी बघायला हवं. दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा मला काय अधिकार? म्हणून स्वतःचीच घेतली. तिची नक्कल काढायला गेलो आणि एक अक्षर चुकलं. नोंदच पुसली गेली."

"अगं बाई!" सून दारातून म्हणाली.

"पण तुम्ही आतच होतात," रफूवाली पुढे सरकली. हे तिला सुटत नव्हतं. "नोंद परत लिहिता आली असती. भोक त्यानंतर बुजवलंत. मग लिहिली का नाहीत?"

काकांनी मान हलवली. "लिहायला बसलो ना. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. डोळा कुठला ते लिहिलं. मग रकाना आला क्रमांकाचा. दोन लिहायचा होता. खरोखरच दोन होता. पण लिहिणार कोण, तर मीच. त्या क्षणी लक्षात आलं, मी एक लिहिला तरी जगात कुणाला कळणार नाही. बोट त्या आकड्यावर होतं, बाई. खोटं कशाला बोलू, दोन-तीन मिनिटं होतं. मग मला माझीच भीती वाटली. सगळं खोडलं, भोक बुजवलं आणि बाहेर पडलो. बाहेर पडल्यावर कळलं, आता आत जायची वाटही मीच बंद केलीय."

"फोन करायचा होतात."

"चारदा उचलला. काय सांगणार? मी तुमच्याकडे चोरून शिरलो होतो, आणि हो, माझा नंबर दोन होता, तेवढा लिहून घ्या?"

नोंदणीबाईंनी पर्स बंद केली. "चला काका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कागद आहे."

७

साडेतीनला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे उभे होते, काकांची सूनही. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. रफूवालीनं त्यांच्या संगणकातून आणलेल्या बारा ओळी सर्व्हरवरच्या ओळींशेजारी ठेवल्या. एका अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी पाठवलेली तीन पत्रं त्यांच्याकडे तारखेसकट होती. प्रत्येकात वर त्यांनी आपला क्रमांक लिहिला होता: सहा, चार, आणि शेवटच्यात दोन. सोमवारच्या कागदावरही दोनच होता.

डॉक्टर आधी नोंदणीबाईंकडे वळले. "बाई, दुपारी मी जे बोललो ते चुकलं. माफ करा."

नोंदणीबाईंनी मान डोलावली.

"मी घुसलो ते घुसलोच," काका म्हणाले. "त्याची काय शिक्षा असेल ती असू द्या. आणि हा डोळा त्या बाईंनाच द्या. त्यांना सांगूनही झालंय म्हणे. मी थांबतो."

"ते तुम्ही ठरवायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मीही नाही. क्रम पेढीच्या समितीनं लावलाय, दोनशे तेरा जणांचा. तुम्हाला मोठ्या मनानं मागे जाता आलं, तर उद्या कुणाला तरी दमदाटीनं मागे ढकलता येईल. मंगळवारी तुम्ही तो आकडा लिहिला नाहीत, ते याचसाठी ना? मग आज खोडूही नका."

काका मागे सरून सुनेशेजारी उभे राहिले.

"अहवालात काय लिहू?" रफूवालीनं विचारलं.

"घुसखोरी झाली, ती लिहा. उत्तर न दिलेली तीन पत्रं लिहा. सहा आठवडे न लावलेला पॅच लिहा. सगळं समितीपुढे जाऊ दे, माझ्या नावासकट." दाराशी उभे असलेले सर्व्हरवाले बुटांकडे बघत होते.

नोंदणीबाई संगणकापाशी बसल्या. एकेक रकाना मोठ्यानं वाचून, सगळ्यांसमोर, त्यांनी नोंद भरली. क्रमांकाशी आल्यावर क्षणभर थांबल्या, मग दोनचं बटण जरा जोरातच दाबलं. चारला सात मिनिटं कमी होती. पहिल्या क्रमांकाला फोन केला. दुसऱ्याला फोन करायची गरज नव्हती, तरी बाईंनी नियमाप्रमाणे केला आणि काकांच्या खिशात घंटी वाजली.

"मी बोलतोय," काका म्हणाले. मग त्यांनी फोन सुनेकडे दिला आणि तिनं समोर बसलेल्या बाईंना "हो, येतो" असं फोनवरच सांगितलं.

समुपदेशक ताई तेवढ्यात बाहेर पडल्या होत्या. रफूवालीला त्या जिन्याच्या खिडकीशी दिसल्या, फोन हातात धरून, नंबर न लावता.

"रोज लोकांना अशा गोष्टी सांगते मी," ताई म्हणाल्या. "आज शब्दच सापडत नाहीत."

"मी थांबू?"

"थांबा."

त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, रफूवालीला ऐकू येत होता. आधी उत्साहात, मग गप्प. ताईंनी सगळं सांगितलं. आपली चूक सांगितली, यादी सांगितली, कारण न देता माफी मागितली.

"वहिनी," शेवटी नणंदबाई म्हणाल्या, "म्हणजे आता मी दुसरीची तिसरी?"

"हो. उद्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या की पहिल्या."

"बरं. बॅग भरून दारात ठेवली होती गं. आता रिकामी नाही करत. तशीच राहू दे."